मोठ्या सिस्टरांनी न दिलेला खुलासा

मोठ्या सिस्टरांच्या मोबाईलच्या कॅमेऱ्यावर कायम पांढरी चिकटपट्टी असे, ड्रेसिंगला वापरतात तीच. नवीन आलेल्या आम्ही नर्स पोरी हसायचो. सिस्टर म्हणायच्या, "मन्हा भरवसा माले नही शे, बहीण. गोड लेकरू दिखनं का हात वळवळस."

त्या ब्राह्मणपुरी गावाकडच्या. घरची अहिराणी त्यांनी वार्डातही सोडली नाही. डोंगरातून आलेल्या बायकांशी मोडकीतोडकी भिली बोलायच्या, आणि त्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. अक्कलकुव्याच्या बाजारात कुणी "अमकी बाळंत झाली का?" विचारलं, की सिस्टरांना एकदम मिरच्यांचा भाव विचारायचा असे.

आमच्यातल्या एकीने नवजात बाळाच्या पावलांचा फोटो स्टेटसला ठेवला होता. बाळाचं तोंड नाही, नाव नाही. मागे फक्त आजीचा गोंदलेला हात. सिस्टर ओरडल्या नाहीत. "हाऊ हात तिना पाडामा सर्वा वळखतस," एवढंच म्हणाल्या. पोरीने तिथल्या तिथे स्टेटस काढलं.

मग एका दुपारी कुणा पुढाऱ्याच्या वाढदिवसाची फळं वाटायला कार्यकर्ते वार्डात शिरले. एक जण मोबाईल उंच धरून लाइव्ह करत होता. कोपऱ्यातल्या खाटेवर एक तरुण मुलगी होती. ती कशासाठी दाखल होती, हे मी इथेही लिहिणार नाही. गावात कळलं असतं तर तिला परत जायला घर उरलं नसतं, इतकंच. मोबाईल तिच्याकडे वळला तशी सिस्टरांनी कॅमेऱ्यावर पंजा ठेवला आणि त्या माणसाला दाराबाहेर ढकललं. केळी फरशीवर पसरली.

संध्याकाळपर्यंत तेवढाच तुकडा जिल्हाभर फिरला. 'गरिबांची फळं हिसकावणारी नर्स.' खाली शिव्यांची रांग. सुरतेहून मुलाचा फोन आला, "आई, लोके माले व्हिडिओ दखाडतस. काहीतरी बोल ना."

पण बोलायचं काय? त्यांची बाजू मांडायची तर ती मुलगीच मांडावी लागणार होती. वरून लेखी खुलासा मागवला गेला. डॉक्टर म्हणाले, "खुलाशात पेशंटचं कारण लिहा सिस्टर, एका ओळीत सुटाल."

"साहेब, खुलाशाचाही फोटो निघतो," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी लिहिलं, 'रुग्णाच्या हितासाठी.' आम्ही खरं काय ते ग्रुपवर टाकायला निघालो, तर आमच्यावरच भडकल्या, "मन्ही अब्रू वाचाडाकरता तिनी इकू का?"

त्यांचं बाजारात जाणं बंद झालं. जेवणाचा डबा त्या औषधांच्या कपाटाआड बसून खाऊ लागल्या. येणारा जाणारा आधी हातातल्या मोबाईलकडे बघे, मग त्यांच्या तोंडाकडे. नोकरी सोडता येत नव्हती आणि वार्डात उभंही राहवत नव्हतं.

शेवटी तो व्हिडिओ त्या मुलीनेही पाहिला. सिस्टर पेज घेऊन गेल्या तेव्हा ती म्हणाली, "माय, माझा व्हिडिओ काढा. मी सांगते, मला काय झालं होतं."

सिस्टर खाटेच्या कडेवर बसल्या. मी शेजारीच सलाईन बदलत होते. त्यांनी तिच्या अंगावरची चादर नीट केली. मग वाटी पुढे करत म्हणाल्या, "आधी पेज पी. थंडी व्हई ऱ्हायनी."

मुलगी बरी होऊन घरी गेली. तिच्या गावात कुणाला काही कळलं नाही. सिस्टरांची लांब बदली झाली. तिथेही तो व्हिडिओ त्यांच्याआधी पोहोचला होता. निवृत्त झाल्या, आणि गेल्या वर्षी वारल्याही. व्हिडिओ अजून फिरतो.

परवा नव्या सिस्टरने तो मला दाखवला. "मॅडम, कोण हो ही बाई? इतकी का चिडली?"

"आमच्या मोठ्या सिस्टर," मी म्हटलं. "मागे खाटेवर पेशंट होता."

"कोण पेशंट?"

बोटं, जीभ, सगळं शिवशिवत होतं. एका वाक्यात त्या सुटल्या असत्या.

"पेशंट," मी म्हटलं, आणि राउंडला निघाले.