उलटा शिवलेला फर्मा

पुस्तकं शिवून बांधणारे बाइंडरकाका म्हणजे देवभोळा माणूस. काचबिंदूनं त्यांची नजर खायला सुरुवात केली, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रोखठोक सांगितलं होतं, "गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली राखायची तर रोज थेंब घाला." काकू रोज सकाळ-संध्याकाळ काहीतरी पुटपुटत घालायच्या. मग गावात एक बडा उपदेशक आला. भरल्या मांडवात त्यानं काकांच्या डोक्यावर हात ठेवून छातीठोक सांगून टाकलं, "बरा झालास. आता औषध घेशील तर ते प्रभूवर संशय घेणं होईल." झालं. काकांनी घरी येऊन बाटली मोरीत ओतली.

काकूंना हे पटलं नव्हतं. पण बोलायची सोय कुठे? "तुझा विश्वास कमी पडला, तर माझे डोळे जातील," म्हणायचे काका. म्हणजे उद्याचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटणार, हेही आधीच ठरलेलं. सुईत दोरा ओवून देऊ का, एवढं विचारायचीही चोरी झाली. काका आपले सुईच्या शेजारच्या हवेत दोरा ओवत बसायचे. काकूंना राग यायचा, आणि रागाहून जास्त कीव यायची.

अशात चर्चची गीतपुस्तकं शिवायला आली. काकांनी ती एकट्यानं शिवली. रविवारी पाळकांनी गीत सांगितलं, पहिलं कडवं झालं, पान उलटलं आणि अख्ख्या चर्चनं पुस्तकं उलटी धरली. मधला फर्मा, म्हणजे घडी घातलेल्या पानांचा अख्खा गठ्ठाच, खालीवर शिवलेला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. काकांनी पुस्तक नाकाला लावलं, लांब धरलं, पुन्हा नाकाला लावलं.

"मला दिसत नाहीये गं," ते काकूंना हळूच म्हणाले. "बोललो असतो तर विश्वास मोडला असता."

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी तपासलं. डावा डोळा गेला होता. उजव्यात थोडी धुगधुगी होती.

घरी आल्यावर काका म्हणाले, "देवानं टाकलं मला."

"त्यानं नाही हो टाकलं. औषध तुम्ही टाकलंत. मान वर करा."

थेंब पडला. डोळा थोडा वेळ मिटून ठेवायचा असतो. काकू नेहमीसारखं काही पुटपुटू लागल्या, आणि आज पहिल्यांदा काकांनी कान दिला. ती प्रार्थना होती.

"रोज म्हणायचीस?"

"मग काय, थेंब मोजत होते? विश्वास कमी म्हणे."

काकांनी विचारलं, "नजर मागू का गं त्याच्याकडे?"

"मागा की. मीही मागते. पण डोळा उघडू नका."

मिटल्या डोळ्यांनीच काकांनी चाचपडत पेटीतली सुई काढली आणि काकूंपुढे धरली.

"दोरा ओवून दे. आणि फर्मे तू लाव."