पहिलं औषध तुला

परवा रक्त तपासायला गेले, हातावर स्पिरिटचा गार बोळा फिरला आणि त्या वासासरशी कोथरूडमधली ती प्रयोगशाळा आठवली. माझ्या लहान लेकीला आणि एका कारखानदारांच्या मुलाला एकच आजार होता, स्नायू हळूहळू दुबळे करणारा. मुलासाठी त्यांनी एक प्रतिष्ठान काढलं होतं आणि त्याच्याच पैशावर त्या प्रयोगशाळेत या आजारावरचं संशोधन चालायचं. दोन्ही मुलं तिथे रक्ताचे नमुने द्यायची. सुई पाहून लेक रडायला लागली, की ते तिचा हात धरून म्हणायचे, "औषध निघू दे, पहिलं तुला देणार." माझा त्यांच्यावर डॉक्टरांपेक्षा जास्त विश्वास होता. मग त्यांचा मुलगा गेला. तेराव्यानंतर आम्ही मायलेकी भेटायला गेलो. दिवाणखान्यात उदबत्तीचा धूर भरला होता आणि लेकीची व्हीलचेअर मी त्यांच्या समोरच लावली होती. मी विचारलं, "प्रयोगशाळेला कुलूप दिसलं. पुन्हा कधी सुरू होणार?" "नाही होणार. पैसे थांबवले मी," ते म्हणाले, "आता कोणासाठी चालवायचं, वहिनी?" मी उठले. खुर्ची ढकलत फाटकाबाहेर आले, तेव्हा लेकीने हळूच विचारलं, "आई, काकांना मी दिसले नाही का गं?" आज ती कॉलेजात शिकते, तिचे हातही आता फारसे उचलत नाहीत. त्यांचं दुःख मला तेव्हाही कळलं होतं. माफ मात्र अजून करता आलेलं नाही.