पावसाच्या वहीतले कोरे चौकोन

दुष्काळावर काम करते असं मी सांगायची तेव्हा लोकांना वाटायचं, ही बाई रानोमाळ हिंडत असेल. मी हिंडायची ती घाटकोपरची खोली ते मुलुंडचं ऑफिस, एवढंच. ऐंशीच्या दशकातली, पावसाने लागोपाठ ओढ दिलेली ती वर्षं. पावसाची चालच बदलतेय का, हे तपासणाऱ्या एका लहानशा संस्थेत मी होते. गावोगावच्या पर्जन्यमापकांच्या वह्या आमच्याकडे यायच्या. सर्वांत कमी पावसाच्या गावांची यादी मी करायची; त्या गावांत बांधबंदिस्तीचं काम निघायचं, कमी पाण्यावर येणारं बियाणं मिळायचं. नियम एकच होता. रोजच्या चौकोनात आकडा हवा. चौकोन कोरा म्हणजे त्या दिवशी मोजलंच नाही, आणि कोरे फार झाले की गाव बाद.

मी कोकणातली, पाऊस नको नको होईपर्यंत पाहिलेली. दुष्काळ मला कागदावरच भेटला, आणि खरं सांगायचं तर त्या कागदांखेरीज मुंबईत माझं कुणी नव्हतं. नळाला पाणी आलं की घरमालकीणबाई दार वाजवायच्या, तेवढाच संवाद. आई गेल्यापासून माझ्या नावाने पत्रही येत नव्हतं. शनिवारी अर्ध्या दिवसाने ऑफिस रिकामं व्हायचं. "काय गं, घरी जायचं नाही तुला?" सहकारी विचारायचा. "जाते ना," म्हणायची आणि तिथेच बसून राहायची.

अशाच एका शनिवारी, नुकताच दसरा झाला होता, दारात एक म्हातारे गृहस्थ उभे राहिले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी. निवृत्त शिक्षक, आपल्या गावचा पर्जन्यमापक सांभाळणारे. भांडुपला मुलीकडे आले होते.

"बाई, आमचं गाव यादीत कितवं?"

वही काढली आणि मला आठवलं. पावसाळ्याची पानंच्या पानं कोरी. तिच्यावर लाल पेन्सिलीने फुली मीच मारली होती.

"गुरुजी, तुम्ही मोजलंच नाहीत हो. सगळं कोरं आहे."

"मोजलं नाही?" गुरुजी दुखावले. "रोज सकाळी साडेआठला जात होतो. अंगात ताप होता तेव्हासुद्धा. आत थेंब नाही. पाऊसच नाही तर लिहायचं काय? आणि ऐन मृगात, पेरणीच्या तोंडावर, गावच्या वहीत पहिल्याच दिवशी भोपळा काढायचा? असलं अशुभ माझ्या हातून व्हायचं नाही."

आमच्या सगळ्या वह्यांत सर्वांत कोरडं गाव हेच होतं, आणि नेमकं तेच मी काढून टाकलं होतं.

यादी आठवड्यापूर्वीच मंजुरीसाठी पुढे गेली होती. हे मी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्यांनी चष्मा लावला, माझं पेन मागून घेतलं आणि एकेक शून्य भरायला बसले. प्रत्येक नव्या पानाशी क्षणभर थांबायचे, ओठ हलायचे, मग लिहायचे. मी चहा मागवला. लिहिता लिहिता त्यांनी माझं गाव विचारलं, जेवणाचं काय करता विचारलं, एकटीने राहता, भीती नाही वाटत? अख्खी दुपार कुणीतरी माझ्यासमोर बसलं होतं. मला बरं वाटत होतं, लाज वाटावी इतकं बरं.

ऊन कललं तेव्हा त्यांनी वही मिटली. "आता धरलं ना आमचं गाव?"

"हो," मी म्हणाले.

सोमवारी सहकाऱ्याला विचारलं. "अगं, यादी गेली ना! आता कुठे उकरतेस यार? पुढच्या वर्षी बघू." त्याच दिवशी गुरुजींना कळवायला हवं होतं. मी उद्या, उद्या करत राहिले. एका माणसाचं माझ्याविषयी चांगलं मत झालं होतं, ते घालवायचं माझ्या जिवावर आलं होतं.

दिवाळीनंतर त्यांचं पोस्टकार्ड आलं. "गाव तुम्हाला दुवा देत आहे. एरवी दिवाळी झाली की सगळे ऊसतोडीला जातात. यंदा कुणी गेलं नाही, मीच थांबवलं. बांधाचं काम कधी निघेल ते कळवावे. मुलीकडे आलो की तुमच्यासाठी फराळाचं आणतो."

ऊसतोडीच्या टोळ्या भरणाऱ्या मुकादमांनी एव्हाना दुसरी माणसं घेतली असणार. मी खोटं बोलले ते एका माणसाशी, पण घरी बसलं होतं सगळं गाव.

उत्तराला तीन कार्डं लागली. पहिल्यात नुसत्या सबबी झाल्या, दुसऱ्यात माझंच रडगाणं. दोन्ही फाडली. तिसऱ्यावर लिहिलं, "तुमचं गाव यादीत नाही. त्या दिवशीही नव्हतं. मी खोटं बोलले. जी टोळी घेईल तिच्याबरोबर लोकांना ताबडतोब पाठवा." खाली सही केली आणि चालत जाऊन पेटीत टाकलं.

त्यांचं उत्तर आलं नाही. लोकांना कुठल्या टोळीने घेतलं की ते तसेच बसून राहिले, हे मला आजतागायत कळलेलं नाही.