जोडीशिवाय हात न लावणारे मामा

ब्रेकची एकच डिस्क घेऊन आलेल्या माणसाला मामा चहा पाजत आणि परत पाठवत. करमाडच्या अलीकडे, जालना रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. बस-ट्रकच्या ब्रेकशिवाय दुसऱ्या कशाला ते हात लावत नसत. पुढच्या दोन चाकांपैकी एकाचीच डिस्क गेली असली तरी दोन्ही आणायच्या, हा त्यांचा कायदा. "एका अंगाला नवी, एका अंगाला झिजलेली. ब्रेक दाबला की गाडी एकीकडं वढती," एवढंच सांगत. भाव करणाऱ्याला हे पटत नाही. मला तर मुळीच नाही. क्लीनर म्हणून दुसऱ्यांच्या गाड्या धुण्यापासून स्वतःच्या चार बसपर्यंत मी घासाघीस करतच आलो आहे.

डिस्क निवडताना मामा खोक्यावरच्या नावाला भुलत नसत. जुनी खोलून नवीच्या शेजारी ठेवायची, भोकं मोजायची, व्यास आणि उंची ताडून बघायची. मग डिस्क ज्यावर बसते त्या हबवरचा गंज तारेच्या ब्रशनं इतका वेळ घासत, की बघणाऱ्याचा धीर सुटे. मी एकदा घाई केली, तर म्हणाले, "खाली गंज राहिला तर डिस्क वाकडी बसती, शेठ. मग ब्रेक मारला की पायाखाली थरथरतं, आन् तुमी येता माझ्याशी भांडायला." नव्या डिस्कवरचं तेल पुसून, समोरासमोरचे बोल्ट आवळून, ती हातानं फिरवून बघितल्याशिवाय चाक चढत नसे.

आता माझं दुखणं सांगतो. शेंद्र्याच्या एका कंपनीचं कामगारांच्या ने-आणीचं काम मला जवळजवळ मिळालं होतं. तिथले साहेब दुपारी बस बघायला येणार, आणि सकाळी डाव्या डिस्कला तडा दिसला. मी शहरात जाऊन, भाव पाडून एक डिस्क आणली. उजवी दोन महिने सहज चालली असती. मामांनी माप घ्यायचा कॅलिपर माझ्याच हातात दिला. "वाचा तुमीच." डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडी कोरलेली असते, उजवीचं माप तिच्यापेक्षा एक मिलिमीटर कमी होतं. फक्त एक. मी आवाज चढवला. मामा चहा सांगायला गेले.

ते परतले तोच, बस इथं आहे असं कळून साहेब वेळेआधीच गॅरेजवर आले. तिथं आणखी दोन बसमालक बसले होते. साहेबांनी मला सोडून मामांनाच विचारलं, गाडी उद्यापासून रस्त्यावर घालायची का.

"नाय," मामा म्हणाले.

काम त्या दोघांपैकी एकाला गेलं.

मी मामांना नको ते बोललो. रागानं दुसरीकडं जावं, तर ब्रेकला हात लावू देण्याइतका भरवसा दुसऱ्या कोणावर नव्हता. संध्याकाळी दुसरी डिस्क घेऊन तिथंच आलो. त्यांनी जोडी बसवली. पुढंही माझ्या गाड्या त्यांच्याकडंच जात राहिल्या, पण तो विषय मी कधी सोडला नाही.

गुडघे गेले तेव्हा मामांनी गॅरेज बंद केलं आणि लासूर स्टेशनला लेकीकडं राहायला जायचं ठरवलं. निघायच्या दिवशी मी गेलो. त्या दिवशी चुकलं, एवढं एकदा तरी कबूल करा, म्हणालो. त्यांनी हात पुसले.

"व्हय, चुकलं. चारचौघांत बोललो. तुमाला बाजूला घेऊन सांगायला पायजे होतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "पण नायच म्हणलो असतो, शेठ."

माझा अर्धा राग तिथंच उतरला. उरलेला अर्धा मी ठेवून घेतला; तेवढा माझा हक्क आहे. मग त्यांचं सामान माझ्याच बसमध्ये चढवलं आणि लासूरपर्यंत गाडी मी स्वतः चालवली.