वेबसाइटचं मागचं दार

आमच्या ऑफिसात कामाच्या फाइली वेळेवर सापडत नाहीत, किस्से मात्र कायम हाताशी असतात. नवी वेबसाइट सुरू होऊन चार दिवस होत नाहीत तोवर तिचा किस्सा तयार! डबा उघडला की कोणीतरी म्हणतं, "अगं, त्या बंबवाल्यांचं आठवतंय का?" आणि पुढची दहा मिनिटं कोणी धड जेवत नाही.

ऑफिस नारायण पेठेत, चष्म्याच्या दुकानावर, तीन टेबलांचं. नंदाताई मालकीण, ओंकार प्रोग्रामर, आणि मी डिझायनर. मी अमरावतीची. इथे लग्नपत्रिका डिझाइन करायचे. मोबाइलवर पत्रिका यायला लागल्या आणि ते काम आटलं, तेव्हा नंदाताईंनी मला ठेवून घेतलं, पण तात्पुरतं. "वेबसाइट जमली तर राहा," असं स्वच्छ सांगितलं होतं. नाही जमली तर बाबांनी अमरावतीत एका फ्लेक्सच्या दुकानात माझ्यासाठी जागा बघून ठेवली होती. मला पुण्यातच राहायचं होतं. आज मी इथे आहे ती नंदाताई आणि ओंकारमुळे, आणि मला हसत हसत शिकवून गेलेल्या गिऱ्हाइकांमुळे. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

* * *

पहिलं काम एका गायन क्लासचं. मी वर मोठ्या झोकदार अक्षरांत 'सुरांचं घर' लिहिलं, खाली तानपुरा घेतलेल्या सरांचा फोटो. नंदाताई चक्क "बरंय" म्हणाल्या. त्यांच्याकडून एवढं मिळालं की लोक घरी पेढे नेतात!

मग सरांनी स्वतः सीएमएसमध्ये पहिली बातमी टाकली. सीएमएस म्हणजे वेबसाइटचं मागचं दार. पुढे पानं दिसतात. मागे मालक लॉगिन करतो, मजकूर आणि फोटो टाकतो, आणि ते आपण आखलेल्या जागेत जाऊन बसतात. निदान बसावेत अशी अपेक्षा असते. सरांच्या बातमीचं शीर्षक होतं, 'गुरुपौर्णिमेनिमित्त आमच्या शिष्यवर्गाने आयोजित केलेल्या सुगम व शास्त्रीय गायनाच्या कार्यक्रमाचे (चहापानासह) सस्नेह निमंत्रण'.

संध्याकाळी सरांच्या पत्नीचा फोन आला. "अहो, निमंत्रण छान दिसतंय. पण ह्यांचं तोंड गेलं कुठे?"

शीर्षक पसरत पसरत सरांच्या फोटोवर चढलं होतं. नुसता तानपुरा उरला होता.

ओंकार म्हणाला, "रेवती, तू दुकानाची पाटी रंगवलीस. माल मागच्या दाराने येतो. तो केवढा येतो, कधी बघितलंस?" मग त्याने मला सीएमएससमोर बसवलं. रंगांना हात लावायचा नाही, फक्त मजकूर भरायचा. लांब शीर्षकं, फोटो नसलेल्या बातम्या, कोणी अर्धवट सोडलेली पानं. ते बसणं मला कॉलेजपेक्षा जास्त शिकवून गेलं. ऑफिसात एक नियमही कळला. मदतीसाठी गिऱ्हाइकाचा फोन आला, की ज्याच्यामुळे आला त्याने सगळ्यांना चहा करायचा. पहिले काही महिने चहाला दुसऱ्या कोणाचा हात लागला नाही.

* * *

कसबा पेठेतले तांब्याची भांडी करणारे एक काका. त्यांच्या साइटवर मी सगळे फोटो चौकोनी ठेवले, एका ओळीत, एका मापाचे. बघायला फार सुरेख. काकांनी फोटो टाकला पाणी तापवायच्या बंबाचा. बंब उभा, चौकट चौकोनी. सीएमएसने इमानदारीत वरचं आणि खालचं कापलं.

काका स्वतः जिना चढून आले. "बाई, नुसतं पोट दिसतंय. सकाळी एकाने विचारलं, ही घागर केवढ्याला?"

मी म्हटलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, बंब आहे. तो म्हणाला, मग तसं दाखवा की!"

फोटो कुठे आणि किती कापायचा हे सीएमएसमध्येच ठरवता येतं, ते मी त्या दिवशी शिकले. काकांनी जाताना एक छोटा तांब्या टेबलावर ठेवला. अजून त्यातूनच पाणी पिते.

* * *

खडकीच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी, कारखान्यातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांना मी लिहिण्याच्या चौकटीत सगळी बटणं दिली होती. ठळक, तिरकं, हवा तो रंग. म्हटलं, मोकळेपणा असावा. पंधरवड्यात साइट वरपासून खालपर्यंत लालभडक!

मी भीत भीत म्हटलं, "काका, फक्त महत्त्वाचं तेवढंच लाल करा ना."

"तेच केलंय. आमच्याकडे बिनमहत्त्वाचं काही नसतं."

मग आम्ही रंगाचं बटण काढून टाकलं आणि एकच लाल खूण ठेवली, 'तातडीचं'. ती एका वेळी एकाच सूचनेला लागते. दुसरीला लावली की पहिलीची आपोआप जाते. काकांनी फोनवर कळवलं, "व्यवस्था उत्तम आहे. फक्त आता लाल कोणाची यावर कमिटीत मतदान घ्यावं लागतं." हा फोन मदतीचा नव्हता, असं नंदाताईंनीच ठरवलं आणि माझा चहा वाचला.

* * *

शहराच्या हद्दीत आलेल्या एका गावातले अण्णा, मंगल कार्यालयाचे मालक. तिघे भाऊ, घरात प्रत्येकाचं वेगळं लॉगिन, आणि पहिलं पान कोणीही बदलावं. एक दिवस अण्णांचा फोन आला, "ताई, पहिल्या पानावर माझा फोटू व्हता. आता धाकट्याचा हाय. मला फकस्त एवढंच सांगा, काढला कुनी?"

सीएमएसमध्ये कोणी काय बदललं त्याची नोंद राहते. मी बघून सांगितलं, "अण्णा, तुमच्या मंडळींच्या, वहिनींच्याच नावाने बदल झालाय."

अण्णांचा आवाज एकदम खाली आला.

"मंग ऱ्हाऊ द्या. चांगला हाय तोच फोटू."

त्यानंतर घरात कोणी कोणतं पान बदलायचं ते आम्ही ठरवून दिलं. पहिल्या पानाचा अधिकार अण्णांनी स्वतःहून वहिनींकडे सोपवला.

* * *

आणि आमच्या शैलाकाकू. खडकीत राहतात आणि डबे करून देतात. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक विदर्भातून शिकायला आलेली मुलं. माझाही डबा त्यांचाच. मुलं हळूहळू ॲपवरून जेवण मागवायला लागली होती, म्हणून काकूंना वेबसाइट हवी होती. नंदाताई मला म्हणाल्या, "हे काम तू एकटीने कर. महिनाभर काकूंनी ती स्वतः चालवली पाहिजे. मग तुझं ठरवू."

माझ्या डोक्यात फार काय काय होतं. प्रत्येक भाजीचं चित्र, चाळीस भाज्यांची यादी, काकूंनी त्यातून एक निवडायची. पण ओंकारने लावलेली सवय, आधी मागचं दार बघायचं. सकाळी काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले. हात पिठाचे, मोबाइल मिठाच्या बरणीला टेकवलेला, आणि भाजी कोणती ते पिशवी ओट्यावर रिकामी केल्यावर ठरणार. यादीतून निवडायला सवड कुणाला होती?

मी सगळं काढून टाकलं. मागे एकच रिकामी चौकट ठेवली, 'आज काय?', आणि खाली एक बटण. लिहिलेलं पुढे मोठ्या अक्षरांत दिसणार. तेवढीच वेबसाइट. ओंकार म्हणाला, "आत्ता तू डिझायनर झालीस." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तो घाबरून बाहेर निघून गेला.

पहिल्याच दिवशी चौकटीत आलं, 'मेथी, भाकरी. मेथी चालत नाही त्याने आईला फोन करून तक्रार करावी.' दुसऱ्या दिवशी, 'वांगं आहे. तोंड वाकडं करू नये.' पोरं ते वाचायलाच साइट उघडायला लागली. डबे वाढले. मी रोज सकाळी धास्तीने बघायचे, आज लिहिलंय ना? रोज लिहिलेलं असायचं.

महिना संपत आला आणि एका सकाळी दिसलं, 'आज डबा नाही. ह्यांचं ऑपरेशन आहे. बाहेरचं तेलकट खाऊ नका.'

काम टाकून मी हॉस्पिटलात गेले. काकू बाकावर बसल्या होत्या, हात मांडीवर घट्ट धरून. मी शेजारी बसले. दुपारी जिन्यावर पावलं वाजली. नागपूर-अकोल्याची सात-आठ पोरं, आणि पुढच्याच्या हातात काकूंचाच डबा. रूमवर पोहे केले होते. "काकू, तुम्ही काही खाल्लं नसेन ना?" असं म्हणून त्याने झाकण उघडलं. काकूंनी सगळे पोहे खाल्ले.

दुसऱ्या दिवशी नंदाताईंनी मला टेबलाशी बोलावलं. महिना संपला होता. निकाल सांगणार म्हणून मी उभी राहिले. त्यांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली.

"वाच. हाच तुझा निकाल."

'ऑपरेशन नीट झालं. शुद्धीवर आल्या आल्या ह्यांनी चहा मागितला. उद्यापासून डबा सुरू. काल पोहे ज्याने केले, त्याने सकाळी माझ्याकडे शिकायला यावं. कांदा कच्चा होता.'