रुसलेला पंखा आणि बायकोच्या आत्या

माझ्या बायकोच्या आत्यांइतका संशयी माणूस अख्ख्या डोंबिवलीत शोधून सापडायचा नाही. ठाण्याच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळण्यात त्यांची हयात गेली. तेव्हापासून मोजल्याशिवाय त्या काही मानत नाहीत. भाजीवाल्याने दिलेला किलोभर कांदा घरी पुन्हा तोलतात आणि जास्त भरला तर वरचा कांदाही परत देऊन येतात. एकदा मला ताप आला. डॉक्टर म्हणाले एकशे एक. आत्यांनी आपला थर्मामीटर माझ्या तोंडात खुपसला आणि "शंभर पॉइंट सहा. उगाच कण्हू नका, जावईबापू," म्हणून मला उठवून बसवलं.

आमच्या गाडीचा एसी मधूनच गार, मधूनच गरम हवा फेकायला लागला, तेव्हा आत्या आपण होऊन गाडीत दाखल झाल्या. आठवडाभर एसीच्या झरोक्याला थर्मामीटर धरून वहीत आकडे लिहीत होत्या. गॅरेजमध्ये नेली की एसी शहाण्यासारखा बर्फ! मेकॅनिक म्हणाला, गॅस भरू. आत्या म्हणाल्या, "गॅस नाही. गाडी पळते तेव्हा गार, उभी राहिली की कधीकधी गरम. म्हणजे बॉनेटखालचा, एसी गार ठेवणारा पंखा रुसतोय." मी हसलो आणि गॅस भरून घेतला.

दोनच दिवसांनी, मे महिन्याच्या भर दुपारी, दिवस भरायच्या आधीच जन्मलेल्या आमच्या मुलीला ठाण्याच्या हॉस्पिटलातून घरी आणत होतो; बायको तिला घेऊन मागे, शेजारी आत्या. शीळफाट्याला गाड्या ठप्प झाल्या आणि एसीतून वाफा यायला लागल्या. काच खाली केली, तर शेजारच्या ट्रकचा धूर थेट आत. मुलगी लालबुंद झाली, किंचाळली आणि मग रडायचीच थांबली.

"अहो, काहीतरी करा ना!" बायकोचा आवाज फाटला.

"बॉनेट उघडा. एसी चालूच ठेवा," म्हणत आत्या भर रस्त्यात उतरल्या. मीही धावलो. पंखा निपचित पडलेला.

"ओ मावशी, मरायचंय का?" एक रिक्षावाला ओरडला.

"गप्प बस रे! आणि तुम्ही हात लांब ठेवा, कधीही फिरेल तो." छत्रीच्या लाकडी मुठीने त्यांनी पंख्याच्या मोटरवर ठोका दिला. काही नाही. दुसरा. काही नाही. तिसऱ्याला पंखा घुर्रकन फिरला.

पाच मिनिटांत गाडी गार झाली. मुलीने जांभई दिली, तेव्हा कुठे बायकोने श्वास सोडला.

घरी पोचल्यावर मायलेकी वर गेल्या. आत्या मात्र उतरेनात. बघतो तर छत्रीची मूठ दोन्ही हातांनी घट्ट धरून बसलेल्या.

"दोन मिनिटं बसू द्या. फार घाबरले होते हो मी."

"मग बोलला नाहीत ते?"

"इतकी वर्षं एकटी राहते. घाबरल्याचं कोणाला सांगायची सवयच गेली."

मी इंजिन चालूच ठेवलं आणि मागे त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.