फुलाचा स्टो आणि मामंजींचं घुमट

गुंद गावात चूल पेटवायला फुलाइतकी हुशार बाई नव्हती, आणि चुलीपुढे टिकायला तिच्याइतकी कच्चीही कुणी नव्हती. ओल्या लाकडाचा जाळ ती बघता बघता उभा करी. पण भाताला आधण येईतो तिची छाती भरून यायची, श्वास शिट्टी घालायला लागायचा, आणि ती भिंत धरत धरत अंगणात जाऊन बसायची. कुणब्याच्या घरात सून येते ती दोन कामांना, शेताला आणि चुलीला. त्यातलं एक फुलाला झेपत नव्हतं आणि सासू तुळजा ते रोज बघत होती.

फुलाचा नवरा लखू कॅसलरॉकला रेल्वेच्या एका साहेबाकडे स्वयंपाकी होता. साहेबाची बदली झाली तेव्हा तो आपला पितळी स्टो लखूला देऊन गेला. लखूने तो डोक्यावर घेऊन रानातून घरी आणला. वाटेत लोकांनी देव समजून हात जोडले, असं तो सांगे. लखूचं सांगणं निम्मं सोडून द्यावं आणि उरलेल्यातलं निम्मं तपासून घ्यावं.

पहिल्या दिवशी त्याने वरच्या वाटीत थोडं घासलेट घालून पेटवलं. नळी तापल्यावर चावी आवळली, पंप मारला, आणि निळा जाळ भर्रकन उठला. धुराचं नाव नाही! फुला हरखून बघत राहिली. पण जन्माची सवय जाते कुठे? जाळ जरा बसला तशी तिने फुंकणी उचलली आणि सारा जीव ओतून फुंकर घातली. स्टो गप्प. घरभर घासलेटाचा भपका.

"अगं, ती चूल न्हवं!" लखू पोट धरून हसला.

पुढे मात्र त्या यंत्राची मालकीण फुलाच झाली. जाळ तांबडा झाला की पिन घालून भोक मोकळं करायचं, पंपाचा दांडा ढिला लागला की काढून त्याला खोबरेल चोळायचं, आणि सणावाराला पितळ चिंचेनं घासायचं. लखूने हात लावला तर तिला आवडत नसे. त्या हिवाळ्यात तिला दम्याचा एकही झटका आला नाही. कालवण, चहा, पाणी सगळं स्टोवर होई. भात तेवढा तुळजा स्वतः चुलीवर शिजवायची, कारण देवाला दाखवायचं अन्न त्या भुरभुऱ्यावर नको, असं तिचं म्हणणं.

एकदा फुला दांड्याला तेल लावत बसली होती. टोकाला काळी, मऊ वाटी होती.

"ते काय गं?" तुळजाने विचारलं.

"कातडं हाय, आत्ती. त्येच्यानंच हवा दाबती."

झालं! "माझ्या चुलीम्होरं कातडं?" म्हणत म्हातारीने तोंडाला पदर लावला, आणि स्टोची रवानगी गोठ्यात झाली. आईपुढे लखूचं काही चालत नसे. फुला पुन्हा चुलीपुढे बसली.

भर आषाढात लाकडं जळेनात, नुसती धुमसायची. एका सकाळी फुला अशी गुदमरली की ओठ निळे पडले. तुळजानेच तिची पाठ चोळली, गरम पाणी पाजलं. मग लखूला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला म्हायेरला धाड. हितं मरंल पोर."

ते फुलाने ऐकलं. म्हातारी वाईट नव्हती, हे तिला कळत होतं. पण चुलीपायी परत गेलेली सून पुन्हा सासरी येत नाही, हेही कळत होतं. तिला हे घर हवं होतं. लखू हवा होता, आणि खरं सांगायचं तर ही खाष्ट म्हातारीही हवी होती.

निघण्याआधी ती गोठ्यात गेली. गाईला चारा घातला आणि कोपऱ्यातला स्टो उचलला. पदरानं पुसला, पिन घातली, पंप मारला. दांडा नुसता सळसळत आत-बाहेर होत होता. काढून बघते तो काय, खोबरेलाच्या वासावर उंदरांनी कातडं कुरतडून टाकलेलं! तशी ती मांडीवर स्टो घेऊन हमसून हमसून रडायला लागली.

तुळजा दारात उभी होती. "कातडं न्हाई म्हनून पेटत न्हाई व्हय?"

"व्हय, आत्ती."

म्हातारी आत गेली. देवापाशी खुंटीला तिच्या नवऱ्याचं, परशूचं घुमट टांगलेलं होतं. मातीचं मडकं, तोंडाला घोरपडीचं कातडं. दर शिमग्याला परशू ते देवापुढे वाजवायचा. तो गेल्यावर कातडं फाटलं, पण तुळजाने कुणाला नवं चढवू दिलं नव्हतं. कुणी हात लावलेलाही तिला खपत नसे. तिने घुमट मांडीवर घेतलं, एकदा त्याच्यावरून हात फिरवला आणि विळ्याने कातडं कापलं.

"घे. जल्मभर देवाम्होरं वाजलंय. ह्येला कोन इटाळ म्हनतंय ते बघते मी."

फुलाने ते ऊन पाण्यात भिजवलं, तेल चोळून मऊ केलं आणि दुहेरी करून दांड्याला बसवलं. पहिल्यांदा हवा धरली नाही. दुसऱ्यांदा दांडा जड लागला. स्टो चुलीशेजारी, आपल्या जुन्या जागी आला. वाटी पेटली, नळी तापली, फुलाने पंप मारला, निळा जाळ भर्रकन उठला आणि स्टो घुमायला लागला.

लखू माहेरच्या वाटेसाठी कांबळं घेऊन दारात उभा होता. तुळजाने त्याच्याकडे बघितलंही नाही. तिने तांदूळ धुतले आणि भाताचं भांडं आपल्या हाताने स्टोवर चढवलं. मग फुलाला खांद्याला धरून जवळ बसवलं.

"ऐक," ती म्हणाली, "तुजा मामंजी वाजवतोय."